बुवांचे ठिपके

अमेरिकेत पार्सिपनीला राहायला गेलो, त्या पहिल्याच आठवड्यात मी वरच्या मजल्याची कम्प्लेंट केली. खरं तर कम्प्लेंट करायची माझी लायकी नव्हती. फोनवर इंग्रजी बोलायचं म्हटलं की मला घाम फुटायचा. पण रोज सकाळी सात वाजले की वर कोणीतरी एक दार हळूहळू उघडायचं, हळूहळू लावायचं, पुन्हा उघडायचं. दोन-दोन तास. शेवटी मी कॉम्प्लेक्सच्या ऑफिसात फोन लावला आणि घोकलेलं वाक्य म्हणून टाकलं, की वरच्यांच्या दाराला तेल घाला.

मेंटेनन्सवाला तेलाची बुधली घेऊन वर गेला. दहा मिनिटांनी आमचं दार वाजलं. उघडतो तर सत्तरीच्या घरातला एक उंच, वाळका म्हातारा. ऐन जुलैत अंगात दोन स्वेटर, एका हातात तेलाची बुधली, दुसऱ्या हातात व्हायोलिन.

मला म्हणाले, "तक्रार आजवर पुष्कळांनी केली. उपाय सुचवणारे तुम्ही पहिले."

त्यांचं बोलणं मी मराठीतच सांगतो, कारण इंग्रजीत ते मला तेव्हाही अर्धंच कळायचं. त्यांचं इंग्रजी हंगेरीचं, माझं अकोल्याचं. दोघांचं मिळून एक धड वाक्य व्हायचं. त्यामुळेच जमलं असावं.

माझंही सांगून टाकतो. दहावीला मी दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा बोर्डाने मला उठवलं. मग इंजिनिअरिंग कॉलेजच्या गेटसमोर झेरॉक्सचं दुकान टाकलं. म्हटलं, शिकता येत नाही तर शिकणाऱ्यांच्या जवळ तरी बसावं. कॉलेजात पहिली येणारी एक मुलगी तिच्या नोट्स कॉपीला द्यायची. मी एक कॉपी जास्तीची काढून ठेवायचो. वाचायला नाही हो, नुसती ठेवायला. तिने माझ्याशी लग्न केलं. तिच्या आयुष्यात तिचा तेवढा एकच पेपर राहिला, असं माझे सासरे अजून म्हणतात. तिला इथे आयटीत नोकरी लागली आणि तिच्यामागून मी आलो, डिपेंडंट म्हणून. माझ्या व्हिसाचा अर्थच असा होता, की या माणसाला काम करायला बंदी आहे. जे मी अकोल्यात जन्मभर शोधत होतो ते अमेरिकन सरकारने सही-शिक्क्यासकट दिलं.

मी त्यांना 'बुवा' म्हणायला लागलो. त्यांनी एकदा अर्थ विचारला. म्हटलं, आमच्याकडे मोठ्या गाणाऱ्याला म्हणतात.

"पण मी गात नाही."

"ते ऐकू येतं."

हसले नाहीत. बुवा हसायचे नाहीत, फक्त डाव्या भुवईचा एक केस उभा राहायचा. तो दिसला की समजायचं, आज म्हातारा खूश आहे.

तरुणपणी त्यांच्या गावात रणगाडे शिरले, तेव्हा ते व्हायोलिन कोटात गुंडाळून सरहद्द पार करून पळाले होते. कोट नसल्यामुळे जन्माची थंडी भरली, ते दोन स्वेटर तिथपासूनचे, असं ते सांगायचे. मग युरोपभर वाजवलं, अमेरिकेत आले, कॉलेजात शिकवलं, रिटायर झाले. पण वाजवायचे ते फक्त नवीन. ज्या माणसाने लिहिलं तो जिवंत असला पाहिजे, हा त्यांचा नियम. त्यांच्या घरात कागदांची दोन कपाटं होती. एकात जिवंत लोक, दुसऱ्यात मेलेले. एखाद्याच्या जाण्याची बातमी आली की बुवा उठायचे, त्याची पानं पहिल्या कपाटातून काढून दुसऱ्यात ठेवायचे आणि दार लावायचे. परत त्याचं वाजवायचं नाही.

मी म्हटलं, "बुवा, मेलेल्याने काय पाप केलं?"

"मेलेल्यांचं वाजवायला लोक पुष्कळ आहेत. आणि मेलेला फोन करून शिव्या देत नाही. शिव्या कोणी देणार नसेल तर मी नीट वाजवतो की नाही हे मला कसं कळणार?"

लायसन्स मला चौथ्या खेपेला मिळालं आणि मी बुवांचा ड्रायव्हर झालो. कार्यक्रमाला जाताना व्हायोलिन पुढच्या सीटवर, पट्टा लावून. बुवा मागे, पट्टा न लावता. म्हटलं, बुवा, पोलीस पकडेल. तर म्हणाले, "त्याला सांग, पुढे बसलाय तो तीनशे वर्षांचा आहे. मागच्याचं आता काय राहिलंय!"

कार्यक्रम म्हणजे चर्चचं तळघर नाहीतर कुठल्या लायब्ररीची खोली. अकरा माणसं आली तर घरचं लग्न समजायचं. त्या अकरांपुढे बुवा असे वाकायचे जसे हजार बसलेत. आणि वाजवायचे काय, तर एक कुंईऽ, मग बराच वेळ काही नाही, मग दोनदा खट्-खट्. पहिल्याच कार्यक्रमात त्या 'काही नाही'मध्ये मी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं संपलं! बाकीचे दहा जण माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी मयतीत शिट्टी मारली.

परत येताना बुवा म्हणाले, "नियम सोपा आहे. मी व्हायोलिन पेटीत ठेवून पेटी बंद करेपर्यंत टाळी नाही."

पुढच्या वेळी मी शब्दाला जागलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, लोक उभे राहिले, मी हाताची घडी घालून बसलेलो. बुवांचं वाकून झालं, लोक कोट घालायला लागले, बुवांनी पेटी बंद केली, तेव्हा मी एकट्याने कडकडून वाजवल्या. त्या दिवशी दोन्ही भुवयांचे केस उभे राहिले.

आता मशीनचं सांगतो. आमच्या जवळचा एक दाताचा डॉक्टर दवाखाना बंद करत होता, त्याचं जुनं कॉपी मशीन मी उचलून आणलं. अकोल्याची सवय, हाताला गरम कागद लागल्याशिवाय मला करमायचं नाही. हॉलमध्ये मावेना म्हणून बेडरूममध्ये ठेवलं. बायको म्हणाली, "लोकांचे नवरे इथे येऊन बिघडतात. माझा सवत घेऊन आला, तीसुद्धा प्लगची."

पण बुवांना सोन्याची खाण सापडली. त्यांच्या नवीन संगीताची पानं ही एवढाली, वर्तमानपत्राएवढी, आणि वाजवताना पान उलटायला तिसरा हात नाही. मी त्यांना पानं लहान करून, एकाला एक चिकटवून अशी पट्टी करून द्यायचो की चार स्टँडवर ती धोतरासारखी वाळत घालावी आणि बुवांनी वाजवत वाजवत इकडून तिकडे चालत जावं. त्यातलं एक अक्षर मला कळत नव्हतं. पण माझ्या झेरॉक्सवर डाग नसायचा. तेवढी एक अब्रू मी अकोल्याहून आणली होती. पोरं वाट्टेल त्या नोट्स आणायची, पेन्सिलच्या खुणा, चहाचे शिंतोडे, डासांची कलेवरं. मी आधी खोडरबर फिरवायचो, मगच काचेवर ठेवायचो. 'इथली कॉपी ओरिजिनलपेक्षा चांगली' असा बोर्डच लावला होता.

बुवांचा एक दोस्त होता बुडापेस्टला. लहानपणचा. संगीत लिहायचा. त्याने खास बुवांसाठी नऊ पानं लिहिली होती, एकट्या व्हायोलिनची, पेन्सिलने. आणि गेली कित्येक वर्षं तो ती बुवांना लोकांपुढे वाजवू देत नव्हता. दर रविवारी सकाळी फोन यायचा. बुवा फोन स्टुलावर ठेवायचे, स्पीकर चालू करायचे आणि वाजवायला लागायचे. खाली मला सगळं ऐकू यायचं. दोन मिनिटं कुंईकुंई, मग फोनमधून आरडाओरडा. परत कुंईकुंई, परत आरडाओरडा. हंगेरियन मला येत नाही, पण शिव्या ओळखायला भाषा लागत नाही. शेवटपर्यंत एकदाही तो वाजवू द्यायचा नाही, मध्येच फोन आपटायचा. मग बुवा खाली येऊन माझ्याकडचा चहा प्यायचे आणि समाधानाने म्हणायचे, "अजून नाही म्हणतो."

एका हिवाळ्यात रविवारचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मग बुवा खाली आले आणि म्हणाले, "तो गेला." एवढंच. चहा घेतला नाही.

मला वाटलं नऊ पानं आता दुसऱ्या कपाटात जाणार. पण महिन्याभराने बुवा ती पानं बाळासारखी छातीशी धरून आले. न्यूयॉर्कला त्या दोस्ताच्या आठवणीचा कार्यक्रम ठरला होता, तीन आठवड्यांवर. बुवा आपला नियम मोडणार होते, फक्त एकदा. म्हणाले, "याची दुसरी प्रत जगात नाही. कॉपी करून ठेवायला त्याचा कोणावर विश्वास नव्हता. माझा तुझ्यावर आहे."

या वाक्याचं मी काय केलं, ते ऐका.

पानं बघतो तर सगळी पेन्सिलच्या घाणीने भरलेली. सुरांची गोल गोल अंडी होती, दांड्या होत्या, रेघा होत्या, ते ठीक. पण त्या अंड्यांच्या वर-खाली जिकडे तिकडे बारीक ठिपके. कुठे पुसट, कुठे फराटलेले. मला वाटलं, म्हातारा विचार करताना पेन्सिल टोचत बसत असणार. आमचे मास्तर असंच करायचे, त्यांच्या हजेरीपटाला गोवर झालेला असायचा. म्हटलं, एवढा विश्वास टाकलाय, तर काम असं करू की बुवांनी नाव काढावं. नवीन खोडरबर आणलं. पूर्ण दुपार बसलो. जीभ बाहेर काढून, एकेक ठिपका, अंड्याला धक्का न लावता. नऊ पानं धुतल्या तांदळासारखी केली. मग कॉपी काढली आणि वर घेऊन गेलो.

बुवांनी पहिलं पान पाहिलं. दुसरं पाहिलं. मग ओरिजिनल हातात घेतलं.

"ठिपके?"

"काढले!" मी म्हटलं. "एक ठेवला नाही!"

बुवा तिथेच खुर्चीवर बसले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. पानांवर हात फिरवत राहिले, मग मला हाताने दाराकडे जा म्हणाले.

संध्याकाळी बायकोला मी हौसेने सांगितलं. तिने लॅपटॉप उघडला, दोन मिनिटं वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी सासऱ्यांकडून घेतलंय, तिच्याकडून पहिल्यांदा.

"अरे, ठिपका म्हणजे तो सूर तोडून वाजवायचा. टक् करून. ठिपका नसेल तर लांबवायचा. ते सगळं गाणंच ठिपक्यांचं असेल तर?"

"म्हणजे मी काय पुसलं?"

"त्यांच्या दोस्ताला. दुसऱ्यांदा मारलंस तू त्याला."

चार दिवस वरून आवाज आला नाही. सात वाजायचे आणि दार उघडायचंच नाही. ज्या आवाजाला मी तेल घालायला निघालो होतो तो यावा म्हणून मी छताकडे बघत बसायचो. पाचव्या दिवशी बायकोकडून इंग्रजीत माफी लिहून घेतली, पाठ केली आणि वर गेलो. बुवांनी दार उघडलं आणि मी सगळी विसरलो. नुसतंच म्हटलं, "बुवा, मी गाढव आहे."

"ते नंतर बघू," बुवा म्हणाले. "आत ये. पेन्सिल आण. रबर आणू नकोस."

मग आम्ही बसलो. रोज, सकाळी बायको ऑफिसला गेली की संध्याकाळपर्यंत. माझ्या धंद्यातलं मला एवढंच येत होतं, की पेन्सिल पुसली तरी कागदाला खळगा राहतो. पान खिडकीच्या काचेला तिरकं धरायचं, नखाने चाचपायचं. कुठे खळगा लागला की मी ओरडायचो, "इथे आहे!" उरलेल्यांसाठी खाली मशीन फुल डार्कवर टाकलं. कागद काळाकुट्ट यायचा, पण त्या काळ्यात पुसलेल्या ठिपक्यांची भुतं दिसायची. निम्म्याहून जास्त तसेच सापडले.

पण मी गाढव असलो तरी कष्टाळू गाढव. काही ठिकाणी इतकं घासलं होतं की कागदाचा पापुद्राच गेला होता. तिथे खळगा नाही, भूत नाही. तिथे बुवा डोळे मिटायचे, व्हायोलिन उचलून तेवढीच ओळ वाजवायचे आणि मग एकदम म्हणायचे, "इथे त्याने मला बैल म्हटलं होतं. म्हणजे मी सूर ओढला होता. म्हणजे ठिपका."

पुढची ओळ. "इथे माझ्या आईवरून बोलला. दोन ठिपके."

एकदा व्हायोलिन मांडीवर ठेवलं. म्हटलं, आठवत नाही का?

"आठवतंय. इथे तो काही बोलला नव्हता. एकदाच. ते जरा आठवू दे."

वाजवताना मला विचारायचे, "असं, की असं?" एकदा तोडून, एकदा ओढून. मी म्हणायचो, बुवा, मला काय कळतं! तर म्हणायचे, "ते ठिपके शेवटचे पाहिलेला माणूस तू आहेस. ऐक." पहिले दोन दिवस मला दोन्ही सारखेच दार वाटायचे. तिसऱ्या दिवशी एका ठिकाणी मी न विचारता म्हटलं, "नाही नाही, हे तोडलेलंच बरं." बुवांनी पान उलटलं नाही. तेवढीच ओळ परत वाजवली, तोडून. भुवईचा केस दिसला. माझ्या दहावीच्या दोन्ही निकालांत मिळून मला एवढे मार्क पडले नव्हते.

असं करत नवव्या पानाच्या शेवटच्या सुरावर आलो, कार्यक्रमाला दोन दिवस असताना. खिडकीला धरलं, खळगा नाही. मशीनवर टाकलं, भूत नाही. तिथे मी कागदाला जवळजवळ भोक पाडलं होतं. म्हटलं, बुवा, इथे काय शिवी होती?

"इथपर्यंत तो मला येऊच द्यायचा नाही."

मग मला कळलं. तो शेवटचा सूर तुटतो की लांबतो हे या जगात आता कोणालाच माहीत नव्हतं. ज्याने लिहिलं तो गेला होता, बुवांनी त्या ओळीकडे कधी निरखून पाहिलं नव्हतं, कारण आधीची पास झाल्याशिवाय पुढची बघायची नाही ही त्यांची शिस्त. राहिलो मी.

"तू पुसलास," बुवा म्हणाले. "होता का?"

जेवण झाल्यावर ओटा पुसतो तसं मी पुसलं होतं. कुठलं शीत कुठे होतं ते कोणाला आठवतं? 'आठवत नाही' हे खरं उत्तर होतं. पण बुवांचा हात पेटीवर होता आणि ते मला आधीच म्हणाले होते, अर्धवट माहीत असलेलं मी वाजवत नाही, न्यूयॉर्कला फोन करून नाही म्हणून सांगीन. तो फोन झाला असता तर त्या दोस्ताचं ते गाणं कोणीच कधी ऐकलं नसतं.

"होता," मी म्हटलं.

"नक्की?"

"म्हणजे काय! चांगला मोठा होता. दाबून काढलेला."

बुवा माझ्याकडे पाहत राहिले. दहावीत कॉपी करताना सुपरवायझर असाच बघत होता. मग त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली. "मग तूच काढ. कसा होता तसा."

मी काढला. एवढा दाबून काढला की पेन्सिल घसरली आणि ठिपक्याला शेपूट फुटलं.

न्यूयॉर्कला तीसेक माणसं आली होती. बुवांनी स्वेटर काढून काळा कोट घातलेला, मला ते परकेच वाटले. नऊ पानं वाजवली. बायको शेजारी होती, ती नंतर म्हणाली मी पूर्ण वेळ तिचा हात दाबून धरला होता. मी फक्त ठिपके ऐकत होतो. बैल. आई. मग ती जागा, जिथे तो काही बोलला नव्हता. शेवटच्या सुराआधी बुवा थांबले. थांबणं लिहिलेलं नव्हतं, मला माहीत होतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, सरळ तिसऱ्या रांगेत. आणि वाजवला. टक्.

पेटी बंद होईपर्यंत कोणी टाळी वाजवली, कोणी नाही, मला काही आठवत नाही.

दोन वर्षांनी बुवा बहिणीकडे हंगेरीत परत गेले, दोन्ही कपाटं घेऊन. गेल्यावर काही महिन्यांनी एक पार्सल आलं. आत ते गाणं होतं, छापलेलं, जाड कागदावर. चिठ्ठी-बिठ्ठी काही नाही. मी आधी शेवटचं पान उघडलं. ठिपका होता! शेपूट काढलेला, गोल, काळा. नऊ पानांत तेवढ्या एकाच ठिपक्याला दोन्ही बाजूंनी कंस होते.

बायकोला दाखवलं. म्हटलं, "बघ, माझ्या ठिपक्याला चौकट केलीय! मान असतो एकेकाचा."

तिने पान हातात घेतलं, नीट पाहिलं आणि हळूच म्हणाली, "अरे, कंसात घालतात ते छापणाऱ्याला खात्री नसलेलं असतं. कोणीतरी त्यांना सांगितलं असणार, की हा पक्का नाही म्हणून."

सांगणारा जगात एकच माणूस होता. म्हणजे खिडकीपाशी माझ्या हातात पेन्सिल दिली तेव्हाच म्हाताऱ्याला कळलं होतं. माहीत असून न्यूयॉर्कला त्यांनी तो सूर माझ्या शब्दावर तोडला.

मी त्या कंसांवरून नख फिरवत बसलो. बायकोला ते सहन होईना. ती म्हणाली, "एवढं सगळं केलंस, तुझं नाव तरी कुठे छापलंय का?"

"छापलंय की," मी म्हटलं. "कंसात."